प्रार्थनाघरावरचे पत्रे

डोमाजीचा गुडघा नेमका ज्वारीच्या सोंगणीच्या तोंडावर सुजला. दीड एकराचं पीक वावरात उभं, पाखरं कणसांवर तुटून पडलेली, आणि हा माणूस ओसरीत पाय पुढे टाकून बायकोला सूचना देत बसलेला. बेलखेड्यात मजूर मिळेना. ज्याचे हातपाय धड तो आदिलाबादला जिनिंगमध्ये, नाहीतर हायवेवरच्या ढाब्यांवर. शेवटी बयनाबाईने स्वतःच विळा उचलला, आणि धुऱ्यापलीकडून तुळजाबाई पदर खोचत आली.

दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या होत्या. तेव्हापासून त्यांची सावड. एक दिवस तिच्या वावरात, एक दिवस हिच्या. मध्ये तुळजाबाईच्या घराने येशूवर विश्वास धरला. गावाने आधी तोंडं वाकडी केली, मग तिच्या नवऱ्याची, दादाजीची दारू सुटलेली पाहून हळूहळू सरळ केली. बयनाबाईच्या देव्हाऱ्यातले देव होते तिथेच राहिले. सावडीत त्याने काही फरक पडला नाही. धांडा कापायला वाकलं की दोघींच्याही कमरा सारख्याच दुखत.

उन्हं चढली तशी ज्वारीची कूस मानेला चावू लागली. बयनाबाईने पात सोडून कंबर सरळ केली आणि रस्त्याकडे पाहिलं. भूषणशेठचा टेम्पो धुऱ्याला येऊन उभा राहिला होता. धान्याचा हा व्यापारी सोंगणीच्या दिवसांत वावरावावरांतून फिरे. तो उतरला, एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून भूस उडवलं आणि चार दाणे तोंडात टाकले.

"माल चांगला आहे ताई," तो म्हणाला. "इथंच देऊन टाका. पोते माझे, हमाल माझा, पैसा रोख. कुठं फिरत बसता?"

भाव त्याने सांगितला तो सरकारी भावापेक्षा बराच खाली होता. पण बयनाबाईचा चेहरा उजळला. या ज्वारीवरच नवऱ्याचा गुडघा होता आणि याच ज्वारीवर पुढचं बियाणं.

"देऊन टाकू का व?" तिने हळूच विचारलं.

"काऊन देतं?" तुळजाबाई म्हणाली. "सरकारचं केंद्र उघडलं ना. हायवेच्या बाजूनं. घरधनी मले घेऊनच गेले होते, नाव नोंदवाले. तथी भाव बांधलेला आहे. चार दिवस थांब, दोघीची ज्वारी एकाच ट्रॉलीत नेऊ."

"तुया देवाचा भरोसा कमी पडला का, आता सरकारचाई भरोसा देऊन राह्यली?" बयनाबाई हसली.

"आमचे पाळक अय्यागारू सांगते, राज्यकारभारई देवानंच नेमला म्हनून. गरिबाचं भलं कराले. त्याचं त्याले द्याव, आपलं आपन घ्याव."

"मंग तुया शब्दावर थांबतो बाई. बुडलं तं तुया घरी येऊन जेवीन."

"ये ना. भाकर आहेच."

भूषणशेठने तुळजाबाईकडे एकदा निरखून पाहिलं. तो हसला आणि टेम्पो पुढच्या वावराकडे गेला. तुळजाबाईला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. व्यापारी माणूस हसतोच. तिने पात धरली आणि संध्याकाळपर्यंत दोघींनी अर्धं वावर आडवं केलं.

*

रविवारी प्रार्थनाघरात नवे पत्रे चमकत होते.

आधी तिथे ताडपत्री होती. वाऱ्याने फडफडायची, पावसात गळायची, आणि अय्यागारूंचा उपदेश निम्मा आभाळाकडेच जायचा. रविकांत अय्यागारू मूळचे मुधोळकडचे. अंगाने काटकुळे, आवाज मात्र घरभर पुरून उरणारा. कापणीच्या सणाला, म्हणजे विश्वासी लोक आपापल्या वावरातलं पहिलं फळ आणून ठेवतात आणि त्याचा लिलाव होतो त्या दिवशी, दादाजी उठून उभा राहिला होता. एका भोपळ्यावर बोली चालली होती. दादाजी म्हणाला, "भोपळा राहू द्या. या घरावर पत्रे मी टाकून देतो."

सगळं प्रार्थनाघर वळून त्याच्याकडे पाहू लागलं होतं. सर्वांत आधी तुळजाबाई. घरी आल्यावर तिने विचारलं, "कुठून टाकसान?" तर तो म्हणाला, "देव देते." देवाने दिलेही. आठ दिवसांत पत्रे आले, पत्र्यांना आधाराच्या लोखंडी कैच्या आल्या, मिस्त्री आला. आत भिंतीवर निळ्या रंगात नाव लिहिलं गेलं: दादाजी व तुळजाबाई यांजकडून. तुळजाबाईला वाटलं, याने दारू सोडल्यापासून लपवून काही साठवलं असेल. पुरुषांना अशी खोड असते. तिने खोदून विचारलं नाही. खरं सांगायचं तर आपलं नाव भिंतीवर पाहून तिलाही बरं वाटलं होतं.

अय्यागारू त्या रविवारी विधवेची गोष्ट सांगत होते. मोठमोठे लोक दानाच्या पेटीत वाजवून वाजवून टाकत होते, आणि एक गरीब बाई येऊन दोन दमड्या टाकून गेली. येशू म्हणाला, सगळ्यांत जास्त हिनेच टाकलं. कारण बाकीच्यांनी उरलेलं टाकलं, हिने पोटातलं टाकलं.

"आणि दान करताना," अय्यागारू म्हणाले, "एका हातानं दिलेलं दुसऱ्या हाताला कळू नये."

लोकांनी मान डोलावली, आणि मान डोलावता डोलावता काहींची नजर भिंतीवरच्या निळ्या नावाकडे गेली. दादाजी पुढच्या चटईवर ताठ बसला होता. एके काळी याच माणसाला पोळ्याच्या दिवशी लोकांनी नालीतून उचलून आणला होता. आता लोक त्याला "दादाजीभाऊ" म्हणत. त्याची पाठ पाहून तुळजाबाईचे डोळे भरून आले.

*

मळणी झाली. दोन्ही घरची पोती भरून अंगणात उभी राहिली, तरी दादाजी केंद्रावर जायचं नाव काढेना. आज बाजार, उद्या ट्रॅक्टरवाला नाही, परवा डोकं दुखतं.

"तुमी काऊन टाळून राह्यले?" तुळजाबाईने एकदा विचारलं.

"टाळतो कुठी? जाऊ ना. काय घाई आहे?"

घाई तुळजाबाईला नव्हती, बयनाबाईला होती. डोमाजीचा गुडघा आता टरबुजासारखा झाला होता आणि तो रात्रभर कण्हत होता. शेवटी दादाजी गुडीहत्नूरच्या बाजाराला गेलेला पाहून तुळजाबाईने शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. नवऱ्याला न विचारता तिने आजवर कोंबडीही विकली नव्हती. पण वावर तिच्या नावावर होतं, जमिनीचं पासबुक तिच्या नावावर होतं, आणि शब्दही तिनेच दिला होता. दोघींनी पोती चढवली आणि पोत्यांवर बसून निघाल्या. बयनाबाईने नवं लुगडं घातलं होतं.

"लगनाले चालली का?" तुळजाबाईने चिडवलं.

"सरकारच्या दारात चालली. फाटकं घालून जाऊ?"

केंद्रावर ट्रॅक्टरांची रांग होती, आणि रांगेतले लोक पुढे सरकायचं सोडून झाडाखाली बसले होते. त्याचा अर्थ तुळजाबाईच्या लक्षात आला नाही. ती पासबुक पदरात धरून थेट टेबलाशी गेली. टेबलामागे एक तरुण कारकून होता, तेलुगू माणूस, मराठी बायकांशी हिंदीत बोलणारा. त्याने पासबुक पाहिलं, मशीन पुढे केलं.

"अंगूठा, अम्मा."

तिने उजवा अंगठा ठेवला. मशीनने घेतला नाही. विळ्याने, कपाशीच्या बोंडांनी, राखेने तिच्या त्या अंगठ्याच्या रेघा कधीच पुसल्या होत्या. तिला ते ठाऊक होतं. तिने डावा ठेवला. मशीन चिवचिवलं. कारकून पडद्याकडे पाहत राहिला.

"अम्मा, आपका जोन्ना, ज्वारी, तो हो गया."

"क्या हो गया?"

"बेच दिया आपने. पहले ही दिन. पूरा."

तुळजाबाईला वाटलं, याला हिंदी येत नाही किंवा आपल्याला कळत नाही. तिने मागे हात केला. "वो देखो ना साहेब. ट्रॉली में है मेरी ज्वारी."

"वो मुझे नहीं मालूम. आपके ज़मीन पर जितना लेना था, ले लिया. यही अंगूठा है. बायाँ."

यही अंगूठा. तुळजाबाईने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, जणू तो हात आपल्या अंगाला कोणी दुसऱ्यानेच जोडला होता. तिला आठवलं. केंद्र उघडलं त्या सकाळी दादाजीने तिला मोटारसायकलवर बसवून आणलं होतं. "नावाची नोंद आहे, अंगठा लागते." हेच टेबल, हेच मशीन. उजवा लागला नाही म्हणून दादाजीनेच तिचा डावा हात धरून अंगठा दाबला होता. शेजारी पोत्यांची मोठी थप्पी लागलेली होती. भूषणशेठ त्या थप्पीला टेकून उभा होता आणि तिला म्हणाला होता, "बसा ताई, चहा घ्या." तिने चहा घेतलाही होता.

तिने डावा हात पदराखाली घेतला.

बयनाबाई मागून पुढे आली. "माया मालकाचं तं पाहा साहेब. आमी काईच नाई इकलं."

कारकुनाने मान हलवली. "कोटा खतम, अम्मा. कल ही बंद हो गया. बारदाना, खाली बोरा भी नहीं, गोदाम भी भर गया. वो सब लोग उसी के लिए बैठे हैं."

"म्हनजे?"

म्हणजे काय ते शेजारी पोत्याला सुतळी घालत बसलेल्या हमालाने सांगितलं. मराठीत सांगितलं, आणि मान वर न करता. "म्हनजे सरकारले जेवढी घ्याची होती तेवढी घेऊन झाली मावशी. पैनगंगेपलीकडून, महाराष्ट्रातून ट्रक भरभरून आली, शेठलोकायनं सस्त्यात घेतलेली. इकडच्या लोकायच्या पासबुकावर चढली. आता तुमची आली तं जागा नाई."

त्याने एकदा तुळजाबाईकडे पाहिलं आणि पुन्हा सुतळीत सुई घातली. त्याला ती त्या दिवशीची बाई आठवली असावी. तुळजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बयनाबाईने त्या हमालाचं बोलणं ऐकलं होतं, कारकुनाचंही ऐकलं होतं. नव्या लुगड्याच्या पदराने तिने घाम पुसला आणि ट्रॉलीकडे चालू लागली.

परतीच्या वाटेवर दोघी पोत्यांवर पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. गाव दिसायला लागलं तेव्हा बयनाबाई एवढंच म्हणाली, "मी तवाच देऊन राह्यली होती व."

*

दादाजी बाजारातून आला तेव्हा अंगणात पोती पुन्हा उतरवलेली पाहून तो दारातच थबकला. त्याला विचारावं लागलं नाही. तुळजाबाई चुलीपुढे बसली होती, चूल न पेटवता.

"माया नावावर कोनाची ज्वारी इकली तुमी?"

तो पिशवी खाली ठेवत राहिला. खूप वेळ ठेवत राहिला.

"बोला ना."

"भूषणशेठची," तो म्हणाला. "पन मी एक पैसा खाल्ला नाई. येशूची शपथ. एक पैसा या घरात आला असन तं माया अंगात किडे पडो."

"मंग काऊन दिलं?"

दादाजीने वर बोट केलं. त्यांच्या स्वयंपाकघरावर मातीचे कवेलू होते, पण तो कुठे बोट दाखवतोय ते तिला कळलं.

"पत्रे?"

"त्यानं पत्रे दिले, कैच्या दिल्या, मिस्त्रीची मजुरी दिली. मी मिस्त्रीले म्हटलं, नाव भिंतीवर दोघाचं टाकजो." तो आता भराभर बोलू लागला. "तुले काय वाटते, मी मायासाठी केलं? पावसाळ्यात लेकरंबाळं भिजत प्रार्थना करत होती ना? आपली ज्वारी मी दुसरीकडं इकनारच होतो. चार पैसे कमी आले असते, आपल्यालेच आले असते. कोनाचं काय बुडालं? सरकारचं? सरकारले काय पोट आहे का, उपाशी राहाले?"

"सरकारले नाई," तुळजाबाई म्हणाली. "बयनाले आहे."

"तिचा काय संबंध?"

तिने सांगितलं. कोटा, बारदाना, झाडाखाली बसलेली माणसं. सांगताना तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळे दादाजी जास्त घाबरला. तो उंबऱ्यावर बसला. त्याला हे खरंच सुचलं नव्हतं, हे तिला त्याच्या तोंडावरून दिसलं. दारुड्या होता तेव्हा तो घरातलं भांडं विकून यायचा, पण ते भांडं आपलंच असायचं. आता शुद्धीवर असताना, प्रार्थना करून, त्याने शेजारणीचं विकलं होतं. तुळजाबाईला त्याचा राग येण्याआधी त्याची भीती वाटली. आपण ज्याच्या पाठीकडे पाहून रविवारी रडलो तो हाच का, असं तिला वाटलं.

"माया हात धरून दाबला तुमी," ती म्हणाली. "मले सांगतलं असतं तं मी नाई म्हटलं असतं म्हनून नाई सांगतलं."

दादाजीने मान खाली घातली. चूल त्या दिवशी पेटलीच नाही.

*

दुसऱ्या दिवशी ती एकटीच हायवेपर्यंत चालत गेली. केंद्राच्या आवारात आता कुत्रीच होती. कारकून सामान आवरत होता.

"साहेब, वो जोन्ना मेरा नहीं था. लिखो. मेरा अंगूठा झूटा है."

तो इतका दचकला की त्याच्या हातातली पेनं खाली पडली. त्याने आजूबाजूला पाहिलं. "अम्मा, किसने बोला आपको ये बोलने को? माल गया, पैसा गया, सब बंद हो गया. मैं लिखा तो सबसे पहले आप फँसोगी. उसके बाद आपका आदमी. सेठ का कुछ नहीं होता."

"फँसने दो."

"घर जाओ, अम्मा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "सरकार आपसे कुछ पूछ नहीं रही. आप क्यों बता रहे?"

ती टेबलासमोर उभी राहिली. मग टेबलही उचललं गेलं आणि ती मोकळ्या जागेसमोर उभी राहिली. सरकारचं सरकारला परत द्यायला आलेल्या बाईला सरकार घरी जा म्हणत होतं. याचं काय करावं ते कोणत्याही उपदेशात तिने ऐकलं नव्हतं. तिथून ती थेट अय्यागारूंकडे गेली.

अय्यागारू प्रार्थनाघर झाडत होते. तिने सगळं सांगितलं तसे ते झाडू हातात धरूनच खाली बसले. वर पाहिलं, भिंतीवर पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"मला ठाऊक नव्हतं बाई. मी विचारायला पाहिजे होतं. पत्रे पाहून मी इतका हरखलो की विचारलंच नाही." त्यांनी झाडू बाजूला ठेवला. "आपण प्रार्थना करू. पावसाळा तोंडावर आहे. लोक आत्ता कुठं यायला लागलेत. गडबडीत काही करायला नको."

"प्रार्थना करा ना अय्यागारू. पन मले पयले एवढं सांगा, हे पत्रे कोनाचे होय?"

अय्यागारूंनी झाडू पुन्हा उचलला. तुळजाबाई उठली आणि घरी आली.

वाटेत बयनाबाईच्या अंगणापुढे भूषणशेठचा टेम्पो उभा होता. "केंद्र तर बंद झालं ना ताई," शेठ म्हणत होता, "आता तो भाव कसा देऊ? बाजार पडला." त्याने सांगितलेला भाव मागच्यापेक्षाही खाली होता. आत डोमाजी कण्हत होता. बयनाबाई पोत्याला हात लावून उभी होती. तुळजाबाईला पाहून तिने तोंड फिरवलं.

"सोमवारी उचलून नेजा," ती शेठला म्हणाली.

*

रविवारी तुळजाबाई प्रार्थनाघरापर्यंत आली, पण आत गेली नाही. तिने समोरच्या उघड्या जागेत पोतं अंथरलं आणि उन्हात बसली. ऊन असं की जमिनीला हात लावावा तर चटका बसत होता. बायका आत जाता जाता थांबल्या.

"आत ये ना व. सावली आहे."

"थे सावली माया कामाची नाई."

आत गाणं सुरू झालं. तुळजाबाईनेही बाहेर बसून म्हटलं. मग अय्यागारूंनी शास्त्र उघडलं. वाचायचा उतारा जकातदाराचा होता. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला तो ठेंगणा माणूस येशूला पाहायला झाडावर चढला, येशू त्याच्या घरी जेवायला गेला, आणि तो उभा राहून म्हणाला, ज्याचं ज्याचं मी फसवून घेतलं त्याला त्याला चौपट परत करतो. अय्यागारू इथवर वाचून आले आणि त्यांचा आवाज बंद पडला. लोकांना वाटलं, ओळ हरवली. त्यांनी शास्त्र मिटलं. दारातून बाहेर उन्हात बसलेल्या बाईकडे पाहिलं, आणि चटईवरून उठून, चप्पल न घालता, ते बाहेर आले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणाला काही कळेना. मग एक म्हातारी उठून आली, मग तिची सून, मग हळूहळू सगळे. आत दादाजी एकटा राहिला, निळ्या नावाखाली, पुढच्या चटईवर.

तुळजाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा धीर सुटला असता. त्याला लोकांसमोर उघडं पाडायचं तिच्या मनात नव्हतं. तिला फक्त त्या पत्र्याखाली बसायचं नव्हतं. पण आता सगळं गाव बाहेर आणि तो आत, याहून उघडं काय असतं? हा आता दारूच्या दुकानाची वाट धरणार, असं तिला वाटलं.

दादाजी उठला. बाहेर आला तो कोणाशी न बोलता, सरळ घराच्या दिशेने. लोकांनी वाट दिली. तुळजाबाईने डोळे मिटून घेतले.

उघडले ते शिडी आपटल्याच्या आवाजाने. त्याने घरची शिडी आणली होती आणि कमरेला ट्रॅक्टरवाल्याचा पाना खोचला होता. तो वर चढला. तापलेल्या पत्र्यावर गुडघा टेकताच त्याने ओठ आवळले, पण उतरला नाही. पहिल्या नटाला पाना लावला. नवा नट, घट्ट बसलेला, लवकर हलेना.

"अवो," तुळजाबाई उठून उभी राहिली, "काय करून राह्यले?"

"गुडीहत्नूरचा पत्रेवाला परत घेतो म्हनते," तो वरून म्हणाला. "काल इचारून आलो. जे येईल थे बयनाबाईले द्याचं. तिले सरकारी भाव भेटला पाहिजे." मग खाली जमलेल्या सगळ्या माणसांकडे पाहून तो थोडा मोठ्याने म्हणाला, "हे पत्रे मी नाई दिले. मी अंगठा इकला हिचा. भिंतीवरचं नाव पुसून टाका कोनीतरी."

अय्यागारूंनी डोक्याला हात लावला, मग तेच उठले आणि शिडी धरायला गेले.

पत्र्यांचा आवाज गावभर गेला. बयनाबाई लगबगीने आली तेव्हा अर्ध्या प्रार्थनाघरावर आभाळ दिसत होतं. ती हबकून जागच्या जागी उभी राहिली. चार दिवसांचा अबोला ती तिथेच विसरली.

"काय आक्रीत करून राह्यले व तुमी? देवाच्या घराचे पत्रे काढते का कोनी?"

तुळजाबाईने तिला सांगितलं, पत्रे कशासाठी काढतोय ते. बयनाबाई दोन पावलं मागे सरकली. तिने कानांना हात लावले.

"मले नको माय. तुमचा असो का आमचा असो, देव तो देवच. त्याचं छप्पर इकून मी ज्वारीचा भाव घेऊ? पाप लागन मले. सोमवारी शेठ नेते, नेऊ दे. सांग तुया मालकाले, बसव म्हना पत्रे."

"बयना, वर पाय."

"नाई पायत मी."

"पाय तं." तुळजाबाईने तिचा दंड धरला. "देवाचं छप्पर नाई थे. केंद्रावर तुया पोत्याची जागा होती का नाई? थे जागा इकून आनले हे. तुयी ज्वारी आहे वर. आमी तिच्याखाली बसून गाने म्हनत होतो."

बयनाबाईने वर पाहिलं. उन्हाने पत्रे इतके झळकत होते की तिला डोळ्यांवर हात धरावा लागला. ती तशीच उभी राहिली, तोंड अर्धवट उघडं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते उन्हाचं होतं की कशाचं, तिने कोणाला सांगितलं नाही. वरून दादाजीने एक मोकळा पत्रा खाली सरकवला. तो तापलेला होता, आणि खाली घेणारं कोणी नव्हतं.

"धरा कोनी," तो म्हणाला.

बयनाबाईने पदर दुहेरी करून हाताला गुंडाळला आणि पुढे होऊन पत्र्याची कड धरली. दुसरी कड तुळजाबाईने धरली.

"धरलं का?" दादाजीने विचारलं.

"धरलं," बयनाबाई म्हणाली. "सोड तू."